आर्ट्सचा अर्ज भरताना कॉलेजच्या नावाआधी विषयांचा गट बघा

सोलापुरातल्या एका आईचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी दहावीत आहे, सहामाहीत नव्वदच्या पुढे टक्के मिळालेत. अकरावीला आर्ट्स घेऊन इतिहास, राज्यशास्त्र आणि मानसशास्त्र शिकायचं म्हणते. नातेवाईक म्हणतात, एवढे टक्के असताना आर्ट्स कशाला? वडिलांना नोकरीची काळजी आहे. या विषयांचं चांगलं शिक्षण सोलापुरात मिळेल का, की पुण्याला पाठवावं? अर्ज कसा भरायचा, विषय कोणते घ्यायचे? आणि काही निवासी शाळांच्या अर्जात 'स्वतःबद्दल लिहा' असं असतं, तिथे काय लिहायचं?

ताई, मी कनिष्ठ महाविद्यालयात वर्षानुवर्षं इतिहास शिकवला आणि प्रवेशाच्या दिवसांत अर्ज तपासायच्या टेबलावरही बसलो. त्यामुळे तुमच्या मुलीसारख्या मुली आणि त्यांच्यामागे गोंधळून उभे असलेले आईवडील मी जवळून पाहिले आहेत. आधी सरळ उत्तर देतो. तिला आर्ट्स घेऊ द्या. मात्र 'आर्ट्स' एवढंच ठरवून थांबू नका. खरा निर्णय आहे तो कोणते सहा विषय, ते कुठे प्रत्यक्ष शिकवले जातात आणि कोण शिकवतं याचा. सोलापुरात बहुतेक घरांत हा निर्णय प्रवेशाच्या दिवशी खिडकीवर उभं राहून पाच मिनिटांत होतो, आणि पुढची दोन वर्षं त्यावर निघतात.

नातेवाइकांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, त्यामुळे त्यातला खरा भाग आधी बघू. बारावी आर्ट्स केल्यावर डॉक्टर आणि इंजिनिअर होण्याची वाट बंद होते. सायन्सवरून आर्ट्सला येता येतं, आर्ट्सवरून सायन्सला जाता येत नाही. म्हणून 'सायन्स घेऊन ठेव, मग बघू' हा सल्ला घरोघरी मिळतो. पण त्याची किंमत कोणी सांगत नाही. ज्या मुलीचं मन भौतिकशास्त्रात नाही, तिची वयाची सोळावी-सतरावी वर्षं क्लास, प्रॅक्टिकल आणि घसरत जाणाऱ्या गुणांत जातात. वाचनाची सवय याच वयात पक्की होते, तीही मोडते. मग ती बीएला येते तेव्हा दोन वर्षं मागे असते आणि आत्मविश्वास गेलेला असतो. दुसरीकडे, आर्ट्सनंतर पाच वर्षांचं कायद्याचं शिक्षण, डिझाइन, हॉटेल व्यवस्थापन, पत्रकारिता, समाजकार्य, शिक्षक प्रशिक्षण हे सगळं खुलं राहतं. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या (एनडीए) भूदल विभागालाही कोणत्याही शाखेची बारावी चालते आणि २०२१ पासून मुलींना ती परीक्षा देता येते. हे वडिलांना आवर्जून सांगा, कारण अनेकांना ते माहीत नसतं.

एक गोष्ट मात्र तपासून घ्या. मुलीला हे विषय हवे आहेत की गणितापासून सुटका हवी आहे? दोन्ही कारणांनी मुलं आर्ट्सला येतात. दुसऱ्या कारणानं आलेली मुलं दिवाळीपर्यंत कंटाळतात, कारण इथेही वाचून, समजून लिहावं लागतंच. तपासायची सोपी रीत आहे. बालभारतीच्या संकेतस्थळावर अकरावीची पुस्तकं फुकट मिळतात. बोर्डाची परीक्षा संपली की इतिहास, मानसशास्त्र आणि राज्यशास्त्र यांचं एकेक प्रकरण तिला वाचू द्या. शाळेत इतिहास म्हणजे मुख्यतः शिवकाळ आणि स्वातंत्र्यलढा असतो. अकरावीचं पुस्तक आदिमानव, हडप्पा आणि प्राचीन भारतातून पुढे येतं. बारावीचं पुस्तक युरोपातल्या प्रबोधनापासून सुरू होऊन वसाहतवाद, महायुद्धं, निर्वसाहतीकरण आणि शीतयुद्धापर्यंत जातं. हे वाचताना तिच्या मनात प्रश्न उठत असतील, ती तुम्हाला स्वयंपाकघरात येऊन काहीतरी सांगत असेल, तर निश्चिंत राहा. पानं उलटून पुस्तक मिटत असेल, तर शांतपणे पुन्हा बोला.

आता विषय. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळं इथेच ठरतं.

राज्य मंडळाच्या बारावीला आर्ट्समध्ये इंग्रजी सक्तीचं असतं. त्याशिवाय साधारणपणे एक दुसरी भाषा आणि चार ऐच्छिक विषय असतात. पर्यावरण आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण यांना श्रेणी मिळते. ऐच्छिक विषयांची मंडळाची यादी मोठी आहे. इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र, मानसशास्त्र, तत्त्वज्ञान, शिक्षणशास्त्र आणि आणखी बरेच. पण मंडळाच्या यादीत असलेला विषय तुमच्या कॉलेजात असेलच असं नाही. आणि कॉलेजात असला तरी तो तुम्हाला हव्या असलेल्या दुसऱ्या विषयाच्या जोडीनं घेता येईल असंही नाही. वेळापत्रकात दोन विषय एकाच तासाला ठेवलेले असतात, त्यामुळे मानसशास्त्र घेतलं तर भूगोल सुटतो किंवा अर्थशास्त्र घेतलं तर समाजशास्त्र सुटतं. प्रत्येक कॉलेजचे गट निराळे असतात. माहितीपुस्तिकेत हे गट छापलेले असतात, पण पालक पहिल्या पानावरची इमारत बघतात आणि तो तक्ता बघायचा राहून जातो.

तुमच्या मुलीनं सांगितलेल्या तीन विषयांना मी चौथा अर्थशास्त्र जोडेन, आणि आग्रहानं जोडेन. सोलापूरचंच बघा. इथे 'जुनी मिल' होती, लक्ष्मी-विष्णू होती, या कापड गिरण्यांच्या भोंग्यावर शहराचा दिवस चालायचा. गिरण्या का बंद पडल्या, कामगार कुठे गेले, यंत्रमाग आणि टॉवेलचा धंदा कसा उभा राहिला, विडीच्या कामात बायकाच का जास्त? नुसत्या इतिहासानं या प्रश्नांची अर्धीच उत्तरं मिळतात. भांडवल, मजुरी, बाजार हे कळल्याशिवाय राज्यशास्त्रही घोषणांच्या पलीकडे जात नाही. स्पर्धा परीक्षांना अर्थशास्त्र लागतं हे खरंच आहे, पण माझं कारण ते नाही. अर्थशास्त्राशिवाय मुलं समाजाबद्दल भावनेनं बोलतात, हिशेबानं बोलत नाहीत.

गणित तिला जमत असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. बालभारतीचं अकरावी-बारावीचं गणित व संख्याशास्त्राचं एक पुस्तक कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांसाठी आहे. म्हणजे आर्ट्सच्या विद्यार्थ्याला गणित घ्यायला मंडळाची ना नाही. अडचण येते ती वेळापत्रकाची. पुढे अर्थशास्त्रात पदवी घ्यायचा विचार असेल, तर गणित सोडण्याआधी दहा वेळा विचार करा. दिल्ली विद्यापीठासारख्या ठिकाणी अर्थशास्त्र ऑनर्सला प्रवेश परीक्षेत गणित लागतंच. मानसशास्त्रालाही पदवीला गेल्यावर संख्याशास्त्र येतं. कॉलेजात जाऊन स्पष्ट विचारा, 'आर्ट्सच्या मुलीला गणित मिळेल का?' बहुतेक ठिकाणी नाही म्हणतील. एखाद्या ठिकाणी हो म्हणाले तर ते कॉलेज यादीत वर घ्या.

भाषेबद्दल माझं मत ठाम आहे. दुसऱ्या भाषेच्या जागी माहिती तंत्रज्ञान घेण्याची सोय अनेक कॉलेजांत असते आणि गुण चांगले पडतात म्हणून मुलं तिकडे वळतात. गुणांसाठी तो रस्ता वाईट नाही. पण जिला इतिहास आणि राज्यशास्त्र गंभीरपणे शिकायचंय तिनं मराठी सोडू नये. संस्कृतची मनापासून आवड असेल तर संस्कृत घ्यावं, केवळ गुणांसाठी नको. आपलं शहर तर चार भाषांचं आहे. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल तर ती भाषा तिला वाचता-लिहिता आली पाहिजे. पुढे संशोधनात हे फार मोलाचं ठरतं. सोलापूर जिल्ह्यातले जुने लेख कन्नडमध्येही आहेत आणि मराठीतही. हत्तरसंग कुडलचा शके ९४० चा लेख मराठीतल्या अगदी जुन्या लेखांपैकी एक. सोलापूरचे आनंद कुंभार यांनी असे शिलालेख शोधण्यात आयुष्य घातलं. इथल्या मुलांना ते नाव शाळेतच कळायला हवं.

माध्यमाचं म्हणाल, तर इंग्रजी माध्यमाच्या तुकडीत बसल्यानं इंग्रजी येतं हा समज सोडा. दहावी मराठीतून झाली असेल तर विचार ज्या भाषेत पक्का होतो त्या भाषेत उत्तरं लिहू द्या आणि रोज तासभर इंग्रजी वाचन वेगळं ठेवा. दहावी इंग्रजीतून झाली असेल तर माध्यम बदलायचं कारण नाही, पण मराठी वाचन वाढवा.

आता कॉलेज. दयानंद १९४० पासूनचं, संगमेश्वर, वालचंद ही नावं आपल्याकडे घरोघरी माहीत आहेत. मुलींसाठीची स्वतंत्र महाविद्यालयं आहेत आणि मोठ्या शाळांना जोडलेली कनिष्ठ महाविद्यालयंही आहेत. कुठलं चांगलं हे मी इथे सांगणार नाही, कारण ते वर्षागणिक बदलतं. मानसशास्त्राचे सर निवृत्त झाले आणि जागा भरली नाही तर तो विषय कागदावर राहतो आणि शिकवायला घड्याळी तासिकेवर, म्हणजे तासाच्या हिशेबानं मानधन घेऊन, कोणीतरी येतं, तेही दिवाळीनंतर. घड्याळी तासिकेवर शिकवणाऱ्यांत काही फार जीव लावून शिकवणारे असतात, हेही मी पाहिलंय. म्हणून ऐकीव माहितीवर जाऊ नका, स्वतः जा.

जाल तेव्हा हे विचारा. कार्यालयात आर्ट्सचे विषयगट आणि चालू वर्षाचं वेळापत्रक दाखवायला सांगा. तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित, हे विचारा, कारण फीमध्ये मोठा फरक पडतो आणि एकाच कॉलेजात दोन्ही प्रकारच्या तुकड्या असू शकतात. इतिहास आणि मानसशास्त्राला पूर्णवेळ शिक्षक आहेत का? मग आत जाऊन अकरावी-बारावीच्या दोन-चार मुलींशी बोला. त्यांना एकच विचारा, 'जानेवारीत तास होतात का?' आर्ट्सचे वर्ग हिवाळ्यात ओस पडतात ही आपल्याकडची जुनी दुखरी गोष्ट आहे. जिथे तेव्हाही तास होतात, ते कॉलेज चांगलं. ग्रंथालयात जा आणि अकरावीच्या विद्यार्थ्याला एका वेळी किती पुस्तकं घरी मिळतात ते विचारा. काही ठिकाणी पदवीच्या मुलांनाच पुस्तकं देतात. भव्य इमारतीपेक्षा या उत्तरांवर माझा जास्त भरवसा आहे.

अर्जाची प्रक्रिया तशी सोपी आहे, एक-दोन खाचा सोडल्या तर. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीनं होतो. आधी ही पद्धत मुंबई-पुण्यासारख्या काही शहरांपुरतीच होती, त्यामुळे सोलापूरच्या पालकांना अजून तिचा सराव नाही. अर्जाचे दोन भाग असतात. पहिल्यात विद्यार्थ्याची माहिती, गुण, आरक्षण. दुसऱ्यात कॉलेजांचा पसंतीक्रम, दहापर्यंत. कॉलेज एकच असलं तरी शाखा, माध्यम आणि अनुदान यांनुसार त्याचे पर्याय वेगवेगळे दिसतात, तेव्हा सांकेतांक नीट बघून टाका. त्या वर्षीचं वेळापत्रक आणि सूचना संकेतस्थळावर येतात. त्या स्वतः वाचा, नेटकॅफेवाल्यावर सोडू नका.

पहिली खाच पसंतीक्रमाची. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव जातं. सायन्सच्या मुलांना हा नियम फारसा टोचत नाही, कारण पहिलं कॉलेज सहसा मिळतच नाही. आर्ट्सच्या बऱ्याच जागा दरवर्षी रिकाम्या राहतात. नव्वद टक्क्यांच्या मुलीला बहुधा पहिल्याच फेरीत पहिलंच कॉलेज लागेल. म्हणजे तुमच्या बाबतीत पहिल्या क्रमांकावर जे लिहाल तोच निकाल समजा. 'बघू तरी लागतंय का' म्हणून तिथे काहीही टाकू नका.

दुसरी खाच विषयांची. ऑनलाइन अर्जात शाखा निवडली जाते, विषय मात्र प्रवेश पक्का करताना कॉलेजात ठरतात. काही विषयांच्या जागा मोजक्या असतात. कॉलेज मिळाल्याचा निरोप आला की पहिल्याच दिवशी सकाळी कागद घेऊन जा. चौथ्या दिवशी गेलेल्या मुलीला उरलेला गट मिळतो.

कागदांत दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार हे तर लागतातच. जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला यांपैकी जे लागू असेल ते निकालाच्या आधीच काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रावर रांगा लागतात. संस्थांतर्गत, व्यवस्थापन आणि अल्पसंख्याक कोट्यांचे प्रवेशही असतात. सोलापुरात भाषिक अल्पसंख्याक संस्था आहेत, तुमची मातृभाषा त्यात बसत असेल तर तो पर्यायही बघून ठेवा.

आता ज्या शाळा 'स्वतःबद्दल लिहा' म्हणून निवेदन मागतात त्यांच्याकडे वळू. आपल्या राज्य मंडळात 'प्रगत' असा वेगळा अभ्यासक्रम नाही, सगळ्यांना एकच पुस्तक असतं. आयबी डिप्लोमा नावाच्या दोन वर्षांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमात सहा विषय असतात आणि त्यांतले साधारण तीन वरच्या पातळीवर घ्यावे लागतात. शिवाय विद्यार्थ्यानं स्वतः निवडलेल्या प्रश्नावर चार हजार शब्दांपर्यंतचा संशोधन निबंध लिहावा लागतो. इतिहासाची आवड असलेल्या मुलीसाठी हे फार उत्तम शिक्षण आहे. पुण्याजवळ मुळशी तालुक्यात यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेज आहे, १९९७ मध्ये सुरू झालेलं. तिथे हाच अभ्यासक्रम शिकवतात. फी सामान्य घराच्या आवाक्याबाहेरची आहे, पण कुटुंबाचं उत्पन्न बघून शिष्यवृत्ती मिळते. अशा शाळांचे अर्ज दहावीचं वर्ष अर्ध्यावर असतानाच सुरू होतात आणि बोर्डाच्या निकालाची वाट बघत नाहीत. त्यामुळे तारखा आजच बघा. यंदाची मुदत गेली असेल तर वयाची अट बघून पुढच्या वर्षी अर्ज करता येतो का हेही पाहा. शिष्यवृत्ती मिळत असेल आणि तिला इंग्रजी वाचताना दम लागत नसेल तर जरूर प्रयत्न करा. कर्ज काढून मात्र करू नका. त्या पैशांची गरज पुढे पदवीला पडेल.

निवेदनाचं बघू. मी वाचलेली बरीच निवेदनं अशी सुरू व्हायची: 'मला लहानपणापासून इतिहासाची आवड आहे. इतिहास आपल्याला प्रेरणा देतो.' हे वाक्य कोणत्याही मुलीचं असू शकतं, म्हणून ते कोणाचंच नाही. निवडणाऱ्यांना हवं असतं ते या मुलीला कशाचं कुतूहल आहे आणि त्या कुतूहलापायी तिनं काय केलं. समजा, एखादीची आजी विड्या वळते. तर ती मुलगी असं लिहू शकते: 'आजीच्या हिशेबाच्या वहीत दर आठवड्याला काही विड्या नापास म्हणून कापलेल्या असतात. त्या नापास कोण ठरवतं आणि त्यांचं पुढे काय होतं, हे मी तिला विचारलं. तिला माहीत नव्हतं. मग मी आमच्या गल्लीतल्या पाच बायकांना विचारलं, आणि पाचही जणींनी वेगळं सांगितलं.' इतकंच. यात एकही मोठा शब्द नाही. पण ही मुलगी बघते, विचारते, आणि उत्तरं जुळली नाहीत तर तसं लिहिते. मानव्यविद्येत याहून मोठी पात्रता सोळाव्या वर्षी कोणी मागत नाही.

तुमच्या मुलीनं अशी एखादी छोटी चौकशी आत्ताच करावी, अर्ज कुठेही करायचा नसला तरी. विषय शोधायला लांब जायला नको. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली. चारही नावं आपल्याला पाठ आहेत. पण आपल्या घरातल्या, पेठेतल्या जुन्या माणसांना त्या दिवसांबद्दल त्यांच्या आईवडिलांकडून काय ऐकायला मिळालं? ते छापील माहितीशी जुळतं का? कुठे जुळत नाही? एवढं चार पानांत लिहिलं तरी ते खरं इतिहासाचं काम आहे. राज्यशास्त्राची ओढ असेल तर पाणी घ्या. उजनी धरण भरलेलं असतानाही शहरात पाणी काही दिवसांआड का येतं, कोणत्या पेठेत किती तास येतं, हे तिनं महिनाभर नोंदवलं तर तिला महापालिका पुस्तकापेक्षा जास्त कळेल. १८८४ साली छापलेलं सोलापूर जिल्ह्याचं गॅझेटियर इंटरनेटवर फुकट मिळतं. इंग्रजी जुनं आहे, पण आपल्या शहराच्या बाजाराचं, मागांचं, दुष्काळाचं वर्णन वाचताना मुलं हरखून जातात, असा माझा अनुभव आहे.

निवेदन दुसऱ्या कोणाकडून लिहून घेऊ नका. क्लासवाल्याकडून नाही, एआयकडूनही नाही. मुलाखत त्या लिखाणावरूनच सुरू होते आणि दुसऱ्या प्रश्नालाच सगळं उघडं पडतं. व्याकरण तुम्ही तपासा, मजकुराला हात लावू नका. शिफारसपत्र मुख्याध्यापकांपेक्षा तिचं काम पाहिलेल्या शिक्षकांकडून घ्या आणि त्यांना तिच्या कामाची एका पानाची टिपणं द्या. शिक्षकांकडे वेळ नसतो, टिपणं हाताशी असली की पत्रात नेमकेपणा येतो.

अकरावी-बारावीच्या अभ्यासाबद्दल थोडक्यात. मंडळाच्या परीक्षेत बहुतेक विषयांना ८० गुण लेखी आणि २० तोंडी किंवा अंतर्गत असतात. त्यासाठी बालभारतीचं पुस्तक पुरतं. पण बाहेरच्या केंद्रीय विद्यापीठांत जायचं असेल तर सीयूईटी द्यावी लागते. ही परीक्षा २०२२ मध्ये सुरू झाली आणि तिचे विषय एनसीईआरटीच्या बारावीच्या अभ्यासक्रमावर आधारलेले आहेत. ती मराठीसह १३ भाषांतून देता येते. आपली पुस्तकं आणि एनसीईआरटीची पुस्तकं यांत बरंच अंतर आहे, म्हणून अकरावीपासूनच दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत. एनसीईआरटीचीही पुस्तकं इंटरनेटवर फुकट आहेत. कायद्याकडे ओढा असेल तर राज्याची पाच वर्षांची विधी सीईटी आहे आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट. क्लॅट इंग्रजीतच असते आणि ती जवळजवळ संपूर्णपणे वाचून समजण्याची परीक्षा आहे. रोजचं एक तास इंग्रजी वाचन मी वर सांगितलं ते यासाठीही.

आणि लिहिणं. आठवड्याला एक उत्तर, एका पानाचं, पुस्तक मिटून. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे, त्यामुळे या सवयीचा उपयोग फार पुढपर्यंत होतो. मुद्दे पाठ करून आलेली मुलं बारावीत चांगले गुण घेतात आणि पदवीला अडकतात. लिहायची सवय असलेली मुलगी कुठेही गेली तरी सावरते.

वडिलांच्या काळजीला मी गुळमुळीत उत्तर देणार नाही. नुसत्या बीएवर आज सोलापुरात नोकरी मिळत नाही. आर्ट्स घ्यायचं तर पदवीनंतर आणखी काहीतरी घ्यावंच लागतं. एलएलबी, एमए आणि प्राध्यापकपदासाठीची नेट-सेट परीक्षा, बीएड, समाजकार्य, पत्रकारिता, यांपैकी काहीतरी. समुपदेशक व्हायचं असेल तर मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण लागतं. समाजकार्याचं म्हणाल तर आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचा परिसर आहे. तो मुलीला एकदा दाखवून आणा, तिथलं वातावरण बघून तिला बरंच उमगेल. तेव्हा पैशांचं नियोजन बारावीपर्यंतचं नको, पुढच्या सात-आठ वर्षांचं करा. ही तयारी असेल तर काळजीचं कारण नाही. ही तयारी नसेल तर सायन्स घेऊनही नुसत्या बीएस्सीवर तेच होतं, हेही वडिलांना सांगा.

शेवटचा प्रश्न पुण्याचा. पूर्ण शिष्यवृत्तीवर निवासी शाळा मिळाली तर पाठवा. तशी नसेल तर अकरावीला सोलापूरच बरं. पुण्यातल्या मोठ्या कॉलेजातही पुस्तक तेच आणि परीक्षा तीच. वसतिगृह, मेस आणि प्रवास यांवर जाणारा पैसा पदवीसाठी साठवा, तेव्हा पुणे, मुंबई, दिल्ली, जिथे लागेल तिथे तिला मोकळ्या मनानं पाठवा. सध्या ती बोर्डाच्या अभ्यासात आहे, तिला त्यातून उठवू नका. परीक्षा संपल्यावर निकाल लागेपर्यंत बराच वेळ हाताशी असतो. त्या दिवसांत तीन-चार कॉलेजांत जाऊन या. मुलीला बरोबर न्या आणि प्रश्न तिलाच विचारू द्या. विषयगटांच्या तक्त्याचा फोटो काढून आणा आणि घरी चौघांनी बसून मग पहिला क्रमांक ठरवा.